आजोबांचे सहा महिने आणि मागचं अंगण

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका आईचा आहे. सासरे एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी येत आहेत. घराणं वारकरी, त्यामुळे नातवाला हरिपाठ शिकवायची त्यांना फार इच्छा. नातू नऊ वर्षांचा, पाच मिनिटंही एका जागी बसत नाही. गेल्या वेळी दोघांत अबोलाच जास्त होता. या वेळी काय करावं?

ताई, मागचं अंगण त्या दोघांच्या ताब्यात द्या. हरिपाठ त्याच्या वेळेला होईल.

हे तुमच्या सासऱ्यांना पटवावं लागणार नाही. माढा तालुक्यातल्या अरणचे सावता माळी त्यांना ठाऊक असतीलच. तेराव्या शतकातला हा संत मळा सोडून पंढरीला गेला नाही, विठ्ठलच त्याच्या मळ्यात आला, असं परंपरा सांगते. कांदा, मुळा, लसूण, मिरची, कोथिंबीर यांतच त्यांना देव दिसला. मोट, नाडा, विहीर, दोरी यांत पंढरी दिसली. मला त्यांच्या या अभंगात एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यातला मुळा कशाची उपमा म्हणून आलेला नाही. खुरपताना हाताला लागतो तोच मुळा, आणि तोच विठ्ठल. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की रोपाशेजारी उभं राहून मुलाला बोध करू नका. ‘बघ, झाड कसं सहनशील असतं’ हे वाक्य ऐकलं की मूल घरात पळतं. त्याला पाणी घालू द्या, माती उकरू द्या. आजोबा काम करताना गुणगुणतील ते त्याच्या कानावर पडेलच.

योगायोग असा, की व्हिजिटर व्हिसावरचे एप्रिल ते ऑक्टोबर हे सहा महिने आणि तुमच्याकडचा भाजीपाल्याचा हंगाम जवळजवळ एकच. सुरुवात मेथीनं करा. डब्यातलीच मेथी रात्रभर भिजवून पेरली की चार-पाच दिवसांत कोंब वर येतात आणि महिन्याभरात भाजी ताटात येते. लहान मुलाला पहिलं यश एवढं लवकर मिळायला हवं. धने हलके रगडून प्रत्येकाचे दोन भाग करून टाका, पण तेही एप्रिलमध्येच. उन्हाळा तापला की कोथिंबीर फुलावर येते. ऑगस्ट सरताना पुन्हा पेरता येते.

खरी मजा दुधीची. बी घरात कुंडीत रुजवा आणि रात्रीची गोठवणारी थंडी पूर्ण सरली, म्हणजे साधारण मेच्या मध्यावर, रोप बाहेर लावा. वेल मांडवावर चढेल, पांढरी फुलं येतील आणि दुधी मात्र धरणार नाही. पहिली फुलं बहुतेक नर असतात, लांब देठांची. मादी फुलाच्या मागे बोटाएवढा लव असलेला दुधी आधीपासूनच दिसतो. फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांच्याकडे येतात ते रात्रीचे पतंग. पतंग आले नाहीत तर तो इवला दुधी पिवळा पडून गळतो. तेव्हा दिवेलागणीला आजोबा-नातवानं मिळून ताजं नर फूल तोडावं, पाकळ्या काढाव्यात आणि परागकण मादी फुलाच्या मध्यावर अलगद टेकवावेत. एवढं करूनही काही फळं गळतात. आपल्या हाती काय आणि काय नाही, हे त्या मुलाला कुणी समजावून सांगायची गरज राहत नाही.

एखादं रोप मरेलही. ससा खाईल, पाणी जास्त होईल. त्या रात्री दुकानातून तसंच नवं रोप आणून गुपचूप लावू नका. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना मृत्यू जवळून दिसत नाही. आजी-आजोबा गेल्याचं फोनवर कळतं, विमान मिळेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. मेलेलं रोप मुलानं स्वतः उपटावं, मातीत मिसळावं. रडलं तर रडू द्या.

परतीचं तिकीट दसऱ्यानंतरचं काढता आलं तर फार बरं. घटस्थापनेला घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरायचं काम नातवाकडे द्या. नऊ दिवसांत वीतभर वाढलेलं ते धान दसऱ्याला टोपीत खोवताना त्याला वेगळाच अभिमान वाटेल. तुळस मात्र सप्टेंबर संपायच्या आत घरात घ्या, दहा अंशांखालची थंडी तिला सोसत नाही. वाळलेल्या मंजिऱ्यांतलं बी कागदी पाकिटात ठेवा. (मेलबर्नच्या वाचकांनी हे सगळं वेळापत्रक उलटं धरावं. गणपतीसाठी दूर्वा मात्र तुमच्या हिरवळीतच असण्याचा बराच संभव आहे. तणनाशक मारण्यापूर्वी नीट पाहा.)

गावाकडच्या बियांच्या पुड्या सामानात आणायचा मोह सासऱ्यांना होईल. आधीच फोन करून सांगा. अमेरिकेत लागवडीच्या बियांना रोगमुक्तीचा दाखला किंवा परवाना लागतो. कढीपत्त्याचं रोप परराज्यातून मागवतानाही नियम तपासा, कारण लिंबू-संत्र्यांचा रोग पसरवणारा कीटक त्याच्यावर राहतो.

आणि आजोबा गेल्यावर? शेवटचे पंधरा दिवस त्यांनी कशालाही हात न लावता नुसतं बसून पाहावं, सगळं नातवानं करावं. मग खिडकीतली तुळस आणि कढीपत्ता त्याच्याच नावावर. हिवाळ्यात कढीपत्ता पानं गाळतो, घाबरून जास्त पाणी घातलं की मुळं कुजतात. वरची माती कोरडी लागली तरच थोडं पाणी. व्हिडिओ कॉलवर आजोबांनी गुणांआधी हेच विचारावं, माती कोरडी आहे का? मराठीत उत्तर द्यायला नातवाजवळ पुष्कळ काही असेल.