मटणाच्या दुकानामागचा कुत्रा आणि तिसरीचा वर्ग

प्रश्न : डॉक्टर, मी खटाव तालुक्यात (जि. सातारा) जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. वर्गातली निम्मी मुलं धनगर वस्तीवरची, घरोघरी मेंढरं आणि कुत्री. एका मुलाच्या आईच्या यकृतातून पाण्याची मोठी गाठ काढली, ती कुत्र्यामुळे होते असं कळलं. वर्गात विषय निघाला तर मुलं म्हणाली, "मग कुत्रीच मारून टाकू." एवढ्या लहान मुलांना हे कसं शिकवावं? आणि शाळेत जंताची गोळी देतो, ती पुरत नाही का?

उत्तर : बाई, आधी गोळीचं सांगतो, कारण हा गैरसमज पालकांतही आहे. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ साली सुरू झाला, तेव्हापासून आपण ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोल चघळायला देतो. ती मुलांच्या आतड्यातल्या जंतांसाठी. ती द्याच. पण कुत्र्याच्या पट्टकृमीचं, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताचं, अंडं पोटात गेलं, की त्यातली अळी आतडं सोडून यकृतात नाहीतर फुफ्फुसात जाऊन बसते. तिची गाठ वर्षानुवर्षं सावकाश वाढते. लहानपणी पोटात गेलेलं अंडं मोठेपणी सोनोग्राफीत दिसतं. तिथे ती एक गोळी काय करणार?

हा पट्टकृमी पाऊण सेंटिमीटरच्याही आतला. कुत्र्याच्या आतड्यात तो ढिगाने असला तरी कुत्रं धडधाकट दिसतं. अंडी विष्ठेतून गवतावर, गवतातून मेंढीच्या पोटात, मेंढीच्या काळजात, म्हणजे यकृतात, गाठ. मेंढी कापली की गाठाळ काळीज दुकानामागे फेकलं जातं आणि कुत्रं ते खातं. झाली फेरी पूर्ण. माणूस मध्येच चुकून सापडतो.

हेच अंगणात खेळा. फळ्यावर राक्षसासारखा जंत काढून मुलांना घाबरवण्याची आपली जुनी खोड आहे, ती नको. गोल आखून चार मुलं उभी करा : कुत्रा, गवत, मेंढी, काळीज. चेंडू हातोहात फिरू द्या आणि विचारा, कुठे अडवायचा? पहिलं उत्तर "कुत्रा हाकला" असंच येईल. मग विचारा, रात्री लांडग्यापासून मेंढरं कोण राखणार? वस्तीवरची पोरंच तुम्हाला आडवी येतील. गवत अडवता येत नाही, चरणं थांबवता येत नाही. उरते ती एकच जागा, काळीज आणि कुत्र्याच्या मधली. ती मुलांना शोधू द्या, तुम्ही सांगू नका.

कुणीतरी विचारेलच, "बाई, मटण खाल्लं तर होतं का?" नाही. गाठ असलेलं काळीज खाऊन माणसाला हा रोग होत नाही. तो कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांनी होतो. ती कुत्र्याच्या केसांना चिकटतात, न धुतलेल्या कोथिंबिरीवरून येतात. म्हणजे माळकरी घरातही होऊ शकतो.

हातांसाठी हळद वापरा. चिंध्यांच्या कुत्र्याला हळद चोळा, मुलांना मनसोक्त कुरवाळू द्या, तास संपला की पिवळं कुठे कुठे गेलं ते बघा. पेन्सिल, नाक, शेजारणीची वेणी! मग नुसत्या पाण्याने हात धुवायला लावा. पिवळं राहतंच. आता साबणाची वडी लावली की उरलेली हळद लालभडक होते. नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्यांतला लाल रंग बघून पोरं स्वतःच पुन्हा घासतात. खिचडीच्या आधीचा तास यासाठी घ्या.

पिल्लांचं प्रकरण थोडं वेगळं. त्यांच्यातले गोल जंत आईच्या पोटातूनच येतात. त्यांची अंडी मातीत पडल्यावर दोन-चार आठवड्यांनी रोग देण्याजोगी होतात आणि मग वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून शाळेतल्या वाळूच्या ढिगातली घाण रोजच्या रोज फावड्याने उचलली, तर बरंच काम होतं. हे काम मुलांना देऊ नका. मुलांनी मातीत खेळून आल्यावर साबणाने हात धुवावेत, तेवढं पुरे.

घरचे मुलांचं ऐकतील का, ही शंका येईल. आइसलँडमध्ये हा रोग एकेकाळी फार होता. हाराल्ड क्राबे या डॅनिश पशुवैद्यकतज्ज्ञाची छोटी पुस्तिका १८६४ मध्ये तिथे घरोघर फुकट वाटली गेली, १८६९ मध्ये कुत्र्यांबाबत कायदा आला आणि पुढे तिथून हा रोग नाहीसा झाला. तिथे घरोघर वाचणारी माणसं होती. तुमच्या वस्तीवर ती पुस्तिका म्हणजे तुमची तिसरीची मुलं.

पालकसभा मात्र जत्रेच्या आधी घ्या. तेव्हाच सगळ्यात जास्त बोकडं कापली जातात. टाकाऊ आतलं मांस कुत्र्याला उकरता येणार नाही इतकं खोल पुरायचं. घालायचंच असेल तर अर्धा तास उकळून. कुत्र्यांसाठी प्राझिक्वांटेलची गोळी असते. ती वजनावर ठरते आणि ठरावीक काळाने पुन्हा द्यावी लागते, तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनाच सभेला बोलवा. गोळीनंतर दोन दिवस कुत्रं बांधून ठेवायचं आणि विष्ठा पुरायची, हे त्यांच्या तोंडून वदवून घ्या. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरणारी घरं तुमच्याकडे असतील, तर तारीख त्यांना विचारूनच ठरवा.