बाथरूमचं काम काढलंय, ठेकेदार भरवशाचा आहे हे कसं ओळखायचं?

प्रश्न: नमस्कार. डोंबिवलीत आमचा जुना फ्लॅट आहे, तिसरा मजला. खालच्यांच्या छताला ओल येतेय म्हणून कॉमन बाथरूम पूर्णच करून घ्यायचं ठरवलंय. दोन ठेकेदार बघून गेले. एकाने व्हॉट्सॲपवर एका ओळीत पाठवलं, 'बाथरूम कंप्लीट विथ मटेरियल ९५ हजार', आणि म्हणतो जुन्या टाइल्स काढायची गरजच नाही, वरून केमिकल मारून त्यावरच नवीन लावतो, पाच दिवसात हातात देतो, पण ६० टक्के ॲडव्हान्स उद्याच हवा. दुसऱ्याचं दोन पानी कोटेशन आलंय, पावणेदोन लाख, आणि तो वीस दिवस मागतोय. आमचे हे म्हणतात पहिल्यालाच देऊन टाकू. काय करावं?

उत्तर: ताई, पहिल्याला काम देऊ नका. तो स्वस्त आहे म्हणून नाही म्हणत मी, कमी पैशात चोख काम करणारे मिस्त्री आहेत. पण तुमच्याकडे मूळ दुखणं गळतीचं आहे आणि हा माणूस गळती कुठून होतेय ते न बघताच वरून झाकायला निघालाय. पाणी न्हाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्याच्या) जॉइंटमधून जातंय, पाइपमधून जातंय की टाइलखालचा कोबाच खराब झालाय हे जुन्या टाइल्स काढल्याशिवाय नीट कळत नाही. टाइलवर टाइल कोरड्या बाथरूममध्ये एकवेळ चालते, तुमच्याकडे खालच्यांचं छत तसंच ओलं राहणार. आणि सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास-बाथरूमच्या आतल्या गळतीचा खर्च सभासदाचाच असतो, म्हणजे परत तुमच्याच खिशातून.

बाथरूममध्ये फसवणूक होते ती टाइलच्या आत, बाहेर नळ-शॉवर सगळं चकाचकच दिसतं. म्हणून कुठल्याही ठेकेदाराला एकच विचारा, 'झाकण्याआधी मला दाखवाल ना?' आणि तो काय म्हणतो ते नीट ऐका. वॉटरप्रूफिंग झालं की न्हाणीला बूच मारून पाणी भरायचं, भिंतीवर पाण्याच्या लेव्हलला खूण करायची आणि निदान ४८ तास तसंच ठेवायचं, मग खूण बघायची आणि खाली जाऊन छतही बघायचं. थोडं पाणी हवेत उडतं ते वेगळं, पण लेव्हल चांगलीच उतरली किंवा छताला नवीन ओल आली तर टाइल लावूच द्यायची नाही. तसंच पाइपांना प्लास्टर करायच्या आधी पंप लावून प्रेशर टेस्ट, मीटरच्या काट्याने जागा सोडली की कुठेतरी लीक आहे. चांगला ठेकेदार हे स्वतःहून सांगतो, टाळाटाळ करणारा म्हणतो 'मॅडम आम्ही एवढी वर्षं करतोय, टेस्टची काय गरज'. पाच दिवसात काम म्हणजे या टेस्टना वेळच ठेवलेला नाही, हिशोब करून बघा. आणि प्लास्टरआधी पाइपलाइनचे फोटो मेजरटेप धरून काढून ठेवा, पुढे टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारताना हेच फोटो कामाला येतात.

एका ओळीचं कोटेशन तर घेऊच नका. पाइप कुठल्या कंपनीचा, गिझरच्या लाइनला सीपीव्हीसीच ना (साधा यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही), वॉटरप्रूफिंगचे किती कोट, राडारोडा कोण उचलणार, सगळं लिहून हवं, नाहीतर अर्ध्यात तोडफोड झाल्यावर 'ते यात नव्हतं' सुरू होतं आणि तेव्हा तुम्ही अडकलेले असता. टाइल्सचा हिशोब स्वतः करा. पाच बाय आठचं बाथरूम, सात फुटांपर्यंत टाइल, तर भिंती १८२ चौरस फूट, दरवाजा वजा करून साधारण १६५, तुटफुटीला दहा टक्के धरले तरी १८०. त्याने नुसत्या भिंतींना अडीचशेचा आकडा लावला असेल तर विचारा कशाचे.

६० टक्के आधी कोणालाच देऊ नका. सुरुवातीला १५-२०, मग प्लंबिंग झाल्यावर, मग पाण्याची टेस्ट पास झाल्यावर, मग टाइल्स झाल्यावर, आणि शेवटचे दहा टक्के महिनाभर वापरून बघितल्यावर. जीएसटी लावत असेल तर नंबर मागा, १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, जीएसटीच्या पोर्टलवर लगेच तपासता येतो. छोट्या ठेकेदाराकडे नंबर नसणं हा गुन्हा नाही, पण नंबर नाही आणि १८ टक्के मागतोय ही सरळ लबाडी आहे. 'सोसायटीला सांगू नका, गुपचूप करू' म्हणणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा.

आता दुसरा. पावणेदोन लाख घेतोय म्हणून तोही आपोआप चांगला ठरत नाही हं. त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेलं एखादं बाथरूम दाखवायला सांगा, नवीन नको, नवीन सगळीच छान दिसतात. टाइल्सवर नाण्याने टकटक करा, पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही. आणि जमलं तर त्याच घराच्या खालच्या मजल्यावर जाऊन विचारा, खरं सर्टिफिकेट तिथे मिळतं. 'दहा वर्षं गॅरंटी' म्हणाला तर लेटरहेडवर घ्या, आणि गळती झाल्यास टाइल फोडून परत बसवायचा खर्च कोणाचा हेही त्यात लिहून घ्या, वाद नेहमी तिथेच होतो.

प्रश्न: आमचा ठेकेदार ॲडव्हान्स घेऊन, तोडफोड करून गायब झालाय. फोन उचलत नाही. दुसऱ्याला काम दिलं तर पैसे गेलेच का?

उत्तर: नाही, पण दुसऱ्याचा माणूस छिन्नी लावायच्या आधी आहे त्या स्थितीचे फोटो-व्हिडिओ काढा आणि राहिलेल्या कामाचं एस्टिमेट त्याच्याकडून लेखी घ्या, तेच पुढे नुकसानीचा पुरावा होतं. चॅट आणि यूपीआयच्या नोंदी डिलीट करू नका. पहिल्याला मुदत देऊन स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवा, सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तरी हलला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा, दोन वर्षांच्या आत जायला हवं. कामाचे दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तिथे फी लागत नाही आणि वकील न लावताही स्वतः बाजू मांडता येते.