दुलईची खोळ घेताना आधी वीण बघा

प्रश्न: एका खोळीवर थ्रेड काउंट ३०० लिहिलंय, दुसरीवर १०००. मग हजारवालीच चांगली समजायची का?

नाही. एका चौरस इंचात उभे आणि आडवे मिळून किती धागे बसले, एवढंच तो आकडा सांगतो. एकेरी धागा असेल तर तेवढ्या जागेत चार-पाचशेच्या पुढे फारसे धागे मावत नाहीत. हजार होतात ते बहुधा मोजणीमुळे. दोन-तीन बारीक धागे एकत्र पिळून एक धागा करायचा आणि मोजताना प्रत्येक पदर वेगळा धरायचा. असं कापड अंगावर जड लागतं आणि त्यातून हवा कमी खेळते.

मी आधी वीण विचारते. परकेल म्हणजे एक धागा वरून, एक खालून, अशी साधी वीण. ही खोळ हाताला जरा करकरीत लागते, पण थंड राहते. रात्री घाम येणाऱ्यांनी डोळे मिटून हीच घ्यावी. सॅटीन विणीत धागा साधारण चार धाग्यांवरून जाऊन एकाखाली शिरतो. त्यामुळे कापड मऊ, किंचित चमकदार आणि थोडं उबदार होतं. मात्र वर मोकळे राहिलेले धागे नखात, दागिन्यात अडकतात. माझी पहिली सॅटीनची खोळ अंगठीच्या खड्यात अडकून भर मधोमध ओढली गेली, त्याची हळहळ अजून आहे.

लिनन सुरुवातीला खरखरीत वाटतं, पण दर धुण्यागणिक मऊ होत जातं आणि वर्षानुवर्षं टिकतं. सुरकुत्या ज्यांना खपत नाहीत, त्यांनी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न: सकाळी उठावं तर दुलई खोळीच्या एका कोपऱ्यात गोळा झालेली असते. काय करू?

खोळ उलटी करून आतले चारही कोपरे तपासा. तिथे दुलई बांधायला नाडीसारखे बंद असायला हवेत. नसतील तर सुती नाडीचे तुकडे शिवा आणि दुलईच्या कोपऱ्यांना छोटे फासे लावून दोन्ही बांधून टाका. अर्ध्या तासाचं काम आहे.

मापही बघा. खोळ दुलईएवढीच हवी. ऐसपैस घेतली की दुलई आत सरकणारच. फक्त एक लक्षात ठेवा, सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत शेकडा तीन ते पाच आटू शकतं. म्हणून नवी खोळ धुऊन, वाळवून मगच तिच्या मापाबद्दल मत बनवा.

प्रश्न: किती दिवसांनी धुवावी?

खोळ थेट अंगाला लागत असेल तर आठवड्याला. मध्ये चादर घेत असाल तर पंधरा दिवसांनी चालेल. धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असलेल्यांनी ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावी, त्या तापमानाला ते किडे मरतात. आधी लेबलवर तेवढ्या गरम पाण्याची परवानगी आहे ना, ते बघा.

प्रश्न: पांढरी खोळ मानेपाशी पिवळी पडली. ब्लीच घातलं तर आणखीच पिवळी झाली!

तो पिवळेपणा घामाचा आणि त्वचेच्या तेलाचा आहे. तुमच्या खोळीत पॉलिएस्टर मिसळलेलं असावं, किंवा सुरकुत्या पडू नयेत म्हणून कापडावर प्रक्रिया केलेली असावी. अशा कापडाला क्लोरीनच्या ब्लीचने उलट पिवळी झाक येते. ते पुन्हा वापरू नका. सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीच, कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा, खोळ काही तास त्यात बुडवून ठेवा आणि मग नेहमीसारखी धुवा. जुना डाग एका खेपेत जात नाही, दोन-तीनदा करावं लागतं.

रक्ताचा डाग असेल तर मात्र गार पाणीच वापरा. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात. आणि फॅब्रिक सॉफ्टनर कृपया बंद करा. त्याचा थर धाग्यावर चढतो आणि कापड घाम टिपेनासं होतं.

प्रश्न: मशीनमध्ये मोजे, रुमाल, अभ्रे सगळं खोळीच्या पोटात जाऊन बसतं आणि ओलंच बाहेर येतं.

टाकण्याआधी खोळीची बटणं किंवा चेन लावा. खोळ उलटी करून धुतलीत तर रंगही कमी विटतो. वाळतही तशीच उलटी घाला, सावलीत.