आधी हात मळव

बेटा,

रविवारी तू रोपवाटिकेत आलास, दोन तास बोललास. मिहानच्या ऑफिसात जीव लागत नाही म्हणालास. कधी बेकरी म्हणालास, कधी शेती, कधी शाळेत शिकवणं. समोर संत्र्याची कलमं बांधायला वाढवलेले जंबेरीचे, म्हणजे रानलिंबाचे, खुंट होते, चाकू होता. एकदाही तो उचलून पाहिला नाहीस. तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून लिहून राहिले.

मनाजोगतं काम करावं, हे तुला सांगायला नको. मी सांगते ते एवढंच: आधी हात मळव.

सीताबर्डीवरच्या एका ऑफिसात मी सतरा वर्षं हिशेब लिहिले. त्यातली दहा ‘सोडू का नको’ यातच गेली. एकेचाळिसाव्या वर्षी सोडलं आणि काटोल रस्त्याला ही रोपवाटिका घातली. अमरावती रस्त्यावरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन टिपणं काढली होती, वह्या भरल्या होत्या. हात मात्र कोरे. पहिल्या थंडीत संत्र्याच्या फांदीवरचे २००० डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या कळ्या, काढून खुंटांच्या सालीत बांधले, जेमतेम ३०० लागले. खुंटात रस चढलेला असला की साल अलगद सुटते आणि डोळा आत सरकतो. नसला की साल फाटते, आणि मी तशीच चाकू रेटत होते. वहीत हे सगळं लिहिलेलं होतं रे! बोटांना कळेपर्यंत एक वर्ष गेलं आणि आईच्या पाटल्या गेल्या. पाटल्यांचं अजून मनाला लागतं.

राजीनाम्याचं नंतर बघू. बेकरी म्हणतोस ना? मग महिनाभर पहाटे चारला एखाद्या भट्टीवर जा, मैदा मळ, ट्रे घास. शिकवायचंय? गणितात कच्ची चार पोरं घरी बसव, पार परीक्षेपर्यंत. हात मळव. डोक्याला विचारत बसू नको, ते पगाराचंच बोलतं. पाठ मोडून आल्यावरही दुसऱ्या दिवशी पाय तिकडेच वळतात का, तेवढं बघ.

मी तुला अडवून राहिले असं समजू नको. घरच्यांनी मला पाच वर्षं टोमणे मारले. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी कळमन्याच्या बाजारात भाव पडला की शेतकरी नवी बाग लावत नाही आणि माझी कलमं वाफ्यातच राहतात. लावली तरी झाड फळावर यायला पाच-सहा वर्षं. तरी मी परत ऑफिसची पायरी चढले नाही. हट्टी म्हण हवं तर. सोडलं ते बरोबरच केलं, आजही तेच म्हणते. चुकलं ते त्या दहा वर्षांत. पाचशेच्या वर रविवार होते माझ्याकडे, आणि एकाही रविवारी मी चाकू धरला नाही. तू तुझे रविवार माझ्यापुढे बसून बोलण्यात घालवतोस, याचा मला राग येतो. माया आहे म्हणूनच येतो.

थंडी पडली आहे, खुंट पेन्सिलीएवढे जाड झालेत. येत्या रविवारी सकाळी सातला ये, जुने कपडे घालून. जमिनीपासून वीतभर उंचीवर डोळा बांधायचा, शंभर बांध. चाकू मी धार लावून ठेवते. वीस-पंचवीस दिवसांनी डोळ्यांवरच्या पट्ट्या सोडायलाही तूच ये. किती हिरवे राहिले ते आपण दोघं मोजू.

तुझी,
मावशी