बोअर तीन तासांतच दम टाकते, संत्र्याचा मे कसा काढावा?

प्रश्न : वरुड तालुक्यात दोन एकर संत्रा आहे. झाडे 12 वर्षांची, अंतर 6 बाय 6 मीटर. अंबियाची (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या बहाराची) फळे बोराएवढी झाली आहेत. बोअर रोज तीन तास चालते, तासाला साधारण 6,000 लिटर. ड्रीपची एकच नळी खोडाला लागून आहे. पाणी पुरेल का?

उत्तर : आधी हिशेब मांडू. मे महिन्याच्या उन्हात एवढ्या झाडाला दिवसाला सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी लागते. तुमची झाडे 220 धरली तर 27-28 हजार लिटर झाले. बोअर देते 18 हजार, म्हणजे झाडामागे 80. तूट तिसऱ्या हिश्शाची आहे. नवी बोअर मारायचे मनात असेल तर राहू द्या; वरुड-मोर्शीकडे पाणी किती खोल गेले ते तुम्ही रोज पाहताच.

पहिले काम नळीचे. संत्र्याची अन्नमुळे झाडाच्या घेराखाली, वरच्या दीड-दोन फुटांत असतात. खोडाशी पडलेले पाणी त्यांच्या कामी येत नाही, शिवाय साल ओली राहून डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागतो. खोडापासून साडेतीन-चार फुटांवर दोन्ही अंगांना एकेक नळी टाका.

दुसरे, रोज 80 लिटर देण्यापेक्षा दिवसाआड 160 द्या. व्हॉल्व्ह लावून बगीचा दोन भागांत वाटा, आज एक, उद्या दुसरा. झाडाला 8 लिटरचे 6 ड्रीपर असले तर एका भागाला तीन-सव्वातीन तास लागतात. पाणी खोल मुरते, वरची माती कमी वेळा भिजते. ओलित रात्री करा. दोन तासांनी जमिनीवर पाणी साचून वाहू लागले तर मात्र 4 लिटरचे ड्रीपर जास्त संख्येने लावा.

सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेटवले नसेल तर तेच घेराखाली चार बोटे जाड पसरा. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा, उधईवर (वाळवीवर) नजर असू द्या. तूट भरून काढण्यात सगळ्यात मोठा वाटा याचाच.

एवढ्यावरही दुपारनंतर पाने मुडपत असतील तर सल झालेल्या (फांद्या शेंड्याकडून वाळू लागलेल्या), पिवळ्या झाडांवरची फळे आताच उतरवा. जिवावर येते, ठाऊक आहे. पण ती फळे पुढे गळणारच, आणि झाडही सोबत नेतील.

पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी घेराखाली फूटभर उकरून मूठभर माती दाबून पाहा. लाडू वळला तर ओल पुरेशी आहे. भुगा झाला तर त्या ओळीचे ड्रीपर तपासा, बहुधा क्षाराने बुजलेले असतील.