अंगावरून वारं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. दुभाषीपणाचं 40 तासांचं प्रशिक्षण पुरं केलंस, आता परीक्षेचा अर्ज भरते आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. एक गोष्ट आधीच सांगते. दवाखान्यातल्या दुभाष्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेतल्या ज्या संस्थेकडे तू अर्ज करते आहेस, तिची भाषावार परीक्षा स्पॅनिश, अरबी आणि मँडरिनची आहे. मराठीची नाही. आपण इंग्रजीतून परीक्षा देतो. नीतिनियम, वैद्यकीय शब्द, कामाची रीत तिथे तपासतात. तुझं मराठी तपासलं जाणार ते थेट पेशंटच्या खाटेशेजारी.

माझं तसंच झालं. मी नवी होते. एका रुग्णालयात साताऱ्याकडच्या एक आजी होत्या, ब्लडप्रेशर वाढलेलं. घरात कुणाला मोठं आजारपण होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. आजी म्हणाल्या, "थोरल्या भनीच्या अंगावरनं वारं गेलं." मी शब्दाला शब्द लावला. डॉक्टरांनी गॅसेसचं काहीतरी लिहून घेतलं आणि पुढे गेले. आजी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःचा डावा हात उचलला आणि मांडीवर तसाच पडू दिला, लुळा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पक्षाघात! मी लगेच डॉक्टरांना थांबवून चूक दुरुस्त केली. पण ते दोन मिनिटांचं अंतर मला आजही टोचतं.

बेळगावात लहानपणी हे वाक्य मी शंभरदा ऐकलेलं होतं. मराठी घरात, कानडी गल्लीत, कोकणी आजोळी. तरी ते ऐन वेळी आठवलं नाही, कारण त्या वर्षांत मी मुलांशी इंग्रजीच बोलत होते आणि आईला फोन महिन्यातून एकदा. भाषा घरात वापरली नाही की गंजते. त्या रात्री मी आत्याला फोन लावला आणि एका वहीत दुखण्याचे शब्द लिहायला बसले. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. "पित्त झालंय" म्हणजे बहुधा ॲसिडिटी, "अंगावर पित्त उठलंय" म्हणजे गांधी, आणि तू नुसतं पित्त म्हणून सांगितलंस तर डॉक्टर पित्ताशय तपासायला घेतील. शंका आली की विचार. "दुभाषीला खुलासा हवा आहे" असं दोन्ही भाषांत सांगून विचार. त्यात कमीपणा नाही.

पेशंटचं बोलणं सांगताना "त्या म्हणतात" नको, "मला दुखतंय" असंच म्हण. उभी राहा पेशंटच्या जरा मागे, म्हणजे डॉक्टर त्यांच्याकडे बघून बोलतील.

अवघड जागा वेगळीच असते. लेक दारातच गाठतो, "मावशी, आईला कॅन्सरचं कळू देऊ नका." त्याची माया खोटी नसते, आपल्याकडे घर असंच वागतं. पण खोलीत बोललेला प्रत्येक शब्द आपण पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही सांगणार. ते त्याला आत जाण्याआधीच सांग, आणि त्याची विनंती डॉक्टरांच्या कानावर घाल. चांगले डॉक्टर मग पेशंटलाच विचारतात, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? एकदा एका आईंनी उत्तर दिलं, "सगळं सांगा, पण पोराला धीर द्या." ते सांगताना माझा आवाज कापला.

लहान नातवंडांना दुभाषी म्हणून बसवलेलं दिसलं तर पुढे हो. 2010 च्या अफोर्डेबल केअर ॲक्ट या अमेरिकेतल्या आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 1557 खालचे नियम तातडीचा प्रसंग सोडला तर अल्पवयीन मुलांवर हे काम टाकू देत नाहीत. दुभाषी फुकट मिळतो. मंडळातल्या म्हाताऱ्यांना हे माहीतच नसतं, गणपतीच्या आरतीनंतर माईकवरून सांगत जा.

पेशंटचं काही घरी आणायचं नाही, मी इथेही कुणाची खूण पटेल असं लिहिलेलं नाही. घरातलं मात्र कामावर न्यायचं. म्हणून मी नातवाला रविवारी मराठी शाळेत स्वतः सोडते आणि घरी त्याच्याशी मराठीच बोलते. त्याला "मुंग्या आल्या" म्हणता येतं, याचा मला फार आनंद आहे.

येत्या रविवारी ये. आत्या नव्वदीच्या पुढे आहे, सकाळी तिचा आवाज चांगला असतो. बायकांच्या दुखण्याचे शब्द अजून राहिलेत, ते ती तुलाही सांगेल. कोरी वही घेऊन ये.

तुझी,
मावशी