इंजिनकाकांना विचारा : रेक्टँगल पोर्ट घेऊ का ओव्हल?

प्रश्न : काका नमस्कार, मी डेट्रॉइटजवळ राहतो, लेक सेंट क्लेअरवर आमची २४ फुटी जुनी बोट आहे. त्यात शेव्हीचं ४५४ बिग ब्लॉक (शेव्हरोलेचं ४५४ क्युबिक इंची मोठं इंजिन), मर्क्रूझर या बोट-इंजिनाच्या ब्रँडचं, कार्ब म्हणजे कार्ब्युरेटरवालं. या हिवाळ्यात इंजिन बाहेर काढलंय. एकजण रेसच्या गाडीतून काढलेली रेक्टँगल पोर्ट हेड्स (चौकोनी हवामार्गाची सिलिंडर हेड्स) आणि त्यावरचा, हेड्सना हवा-पेट्रोल पोचवणारा सिंगल प्लेन मॅनिफोल्ड स्वस्तात देतोय, म्हणतो ऐंशी हॉर्सपॉवर फुकटात. घेऊ का? आमचा वापर म्हणजे दोन कुटुंबं बसून फिरणं आणि मुलांना फुगवलेल्या ट्यूबवर बसवून बोटीमागे ओढणं.

उत्तर : नको घेऊस. आणि ट्यूब ओढतो हे तू शेवटी लिहिलंयस, खरंतर तेच पहिलं लिहायला हवं होतं.

हे बघ, गाडीने एकदा वेग घेतला की पाय सैल केला तरी ती पळत राहते. बोटीचं तसं नाही, बोट म्हणजे भरलेला ट्रक कायम खंबाटकी चढतोय असं समज, थ्रॉटल सोडला की बसलीच पाण्यात. म्हणजे इंजिन सगळा वेळ लोडवर, आणि तेही तीन ते पावणेचार हजार आरपीएमवर, कारण क्रूझिंग तिथंच होतं. फुल थ्रॉटल दिलास तरी तुझ्या इंजिनाची मर्यादा ४६००-४८०० च्या आसपास. आता रेक्टँगल पोर्टचा इनटेक साधारण ३१५-३२० सीसीचा असतो, जुन्या मोठ्या ओव्हलचा, म्हणजे लंबगोल पोर्टचा, अडीचशेच्या आसपास. पोर्ट मोठा तर हवा जास्त, हे खरंच आहे, पण कधी? इंजिन तेवढी हवा ओढत असेल तेव्हा. ४५४ क्युबिक इंच गुणिले ४८०० भागिले ३४५६ कर, ६३० सीएफएम (मिनिटाला एवढे घनफूट हवा) येतं, आणि तेही सिलिंडर शंभर टक्के भरतोय असं धरून. एवढ्याशा हवेला तो भलामोठा पोर्ट म्हणजे दोन माणसांना मंगल कार्यालय! मिश्रणाचा वेग पडतो, खालचा टॉर्क जातो, आणि बोट प्लेनवर यायला, म्हणजे उचलून पाण्यावरून पळायला, नेमका तोच लागतो. रेक्टँगल हेड्स साडेपाच-सहा हजारांच्या पुढे खुलतात, तिकडे तू जाणारच नाहीयेस.

मी स्वतः हा उद्योग केलाय म्हणून सांगतोय. एकटा असलो की बोट मस्त पळायची, आणि सासरची सहा माणसं चढली की नाक वर करून नांगरासारखी पाणी फाडत बसायची, मग मी सगळ्यांना पुढे बसायला सांगायचो. मेव्हणा अजून त्यावरून बोलतो.

मग घ्यायचं काय? आधी व्हॉल्व्ह कव्हर काढून आत्ताच्या हेड्सचा कास्टिंग नंबर बघ. ज्यांना इथं पीनट पोर्ट म्हणतात ती छोट्या ओव्हल पोर्टची हेड्स निघाली तर तुझी पॉवर खरंच तिथं अडकलीय, मोठी ओव्हल टाकलीस की फरक सीटमधे बसून कळेल. जुन्या लोखंडी हेड्समधे शेवटी ७८१ किंवा ०४९ असलेली लोक शोधत असतात ती याच कारणासाठी, त्यात २.१९ आणि १.८८ इंचांचे व्हॉल्व्ह बसवता येतात आणि ४५४ ला तेवढं भरपूर होतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र चांगल्या स्टेनलेसचे किंवा इनकोनेल या उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचे घे, इथं पैसे वाचवू नकोस, तासन्‌तास लोडवर तेच भाजून निघतात.

पण त्याच्याही आधी ब्लॉक कुठल्या पिढीचा ते बघ, मागे बेलहाउसिंगजवळ (फ्लायव्हीलच्या आवरणापाशी) नंबर असतो. १९९० पर्यंतचा मार्क फोर, १९९१ ते ९५ जेन फाइव्ह, १९९६ पासून जेन सिक्स. जेन फाइव्हच्या ब्लॉकला पाण्याची भोकं वेगळी आहेत, त्यावर मार्क फोरची हेड्स साध्या गॅस्केटने बसवलीस तर पाणी लिफ्टर व्हॅलीत (ब्लॉकच्या मधल्या, ऑइल असलेल्या खोलगट भागात) झिरपू शकतं आणि मग ऑइलचा चहा होतो. त्यासाठी खास गॅस्केट मिळतं, ते मरीनचंच माग.

मॅनिफोल्ड ड्युअल प्लेन, यात चर्चाच नको. तो खालच्या आणि मधल्या आरपीएमला टॉर्क देतो, सिंगल प्लेन वरचा गडी आहे. ओव्हल हेडवर रेक्टँगल मॅनिफोल्ड लावू नकोस, हवा येऊन सरळ हेडच्या भिंतीवर आपटते. उलटं, म्हणजे रेक्टँगल हेडवर ओव्हल मॅनिफोल्ड, एकवेळ चालतं. डेकची उंचीसुद्धा (क्रँकच्या मध्यापासून हेड बसतं तिथपर्यंतची) विचारून घे, ट्रकचा टॉल डेक ब्लॉक १०.२ इंचांचा आणि तुझा ९.८ चा, त्याचा मॅनिफोल्ड तुझ्यावर बसणार नाही. आणि कार्ब आणि त्यावरचा ज्वाळा अडवणारा फ्लेम अरेस्टर धरून सगळी उंची मोजून मग ऑर्डर दे, नाहीतर इंजिनचं झाकण लागत नाही आणि त्यावरच तर सगळे बसतात.

कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलायचा मोह होईल, तो माणूस कॅमसुद्धा देतोच असेल. जास्त ओव्हरलॅपचा, म्हणजे इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदम उघडे ठेवणारा कॅम बोटीच्या ओल्या, पाणी मिसळलेल्या एक्झॉस्टवर लावला की आयडलला इंजिन एक्झॉस्टमधलं पाणी उलटं सिलिंडरमधे ओढतं. लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबमधला कोन) ११२ ते ११४ डिग्री ठेव आणि ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, आवरतं घे. गाडीत तो धडधड आवाज शान असतो, बोटीत ती आजाराची सुरुवात आहे.

प्रश्न : दादा, मी टॅम्पाला असते, बोट खाऱ्या पाण्यात, ५०२ इंजिन, समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरतं. अ‍ॅल्युमिनियम हेड्स लावून वजन कमी करायचंय. एका हेडमधे पाणी शिरून व्हॉल्व्ह गंजलाय, त्यामुळे हेड्स तशीही काढलीच आहेत.

उत्तर : ताई, थेट खारं पाणी असेल तर अ‍ॅल्युमिनियम नको. लोखंडी ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियम हेड आणि मधे मीठ, म्हणजे बॅटरीच की ती, आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमच खाल्लं जातं, सुरुवात गॅस्केटच्या कडेला पाण्याच्या भोकांपासून. आधी हीट एक्स्चेंजरवालं क्लोज्ड कूलिंग बसवा म्हणजे इंजिनात कूलंटच फिरेल, मग खुशाल अ‍ॅल्युमिनियम लावा. तेवढा खर्च नको असेल तर लोखंडी हेड, मॅनिफोल्डसुद्धा मरीनचा घ्या, त्यात थर्मोस्टॅटपाशी पाणी जातं तिथं पितळी अस्तर असतं. रोजच्या वापरानंतर गोड्या पाण्याने फ्लश करताच असाल.

पण मला वेगळीच शंका येतेय. व्हॉल्व्ह गंजला म्हणून दोष हेडला देऊ नका, पाणी कुठून आलं ते शोधा. खाऱ्या पाण्यात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि त्यावरचा उभा पाइप, म्हणजे रायझर, आतून कुजतात, बाहेरून रंग चकाचक असतो. त्यांचा गॅस्केटचा जॉइंट उघडून बघा आणि प्रेशर टेस्ट करून घ्या. ते तसेच ठेवून नवीन हेड्स लावलीत तर पुढच्या सीझनला हेच पत्र परत लिहाल.

प्रश्न : पिकअपमधून काढलेला ७५० सीएफएमचा कार्ब बोटीला लावला तर चालेल ना?

उत्तर : साइज बरोबर, पण कार्ब चुकीचा! मरीन कार्बचे व्हेंट (हवेची भोकं) आतल्या बाजूला वळवलेले असतात, फ्लोट अडकला तर पेट्रोल कार्बच्या घशात जातं, बाहेर सांडत नाही. गाडीच्या कार्बमधून ते इंजिनावर गळतं, वाफ खाली बिल्जमधे (बोटीच्या तळाच्या पोकळीत) साचते आणि एका ठिणगीत काम तमाम. स्टार्टर आणि अल्टरनेटर गाडीचे लावत नाहीत ते याच कारणासाठी. आणि अमेरिकेत पेट्रोल इनबोर्डला (बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाला) फ्लेम अरेस्टर कायद्यानेच लागतो, २५ एप्रिल १९४० नंतर बसवलेल्या प्रत्येक इंजिनाला, तेव्हा पिकअपचा एअर फिल्टरसुद्धा पिकअपवरच राहू दे.